साडूचं बोट आणि माझी बरगडी

लोक मुलाबाळांसाठी बरे होतात, देवाच्या कृपेनं बरे होतात, काही जण तर औषधानंही बरे होतात. मी साडूचा सूड घ्यायचा म्हणून बरा झालो. पूर्ण नाही झालो. पण सूड घेण्यापुरता झालो, आणि तेवढं मला पुरलं.

नागीण होऊन गेल्यावर मागे जे दुखणं उरतं, त्याबद्दल लिहा असं आमच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. "तुमच्यासारखे पुष्कळ येतात हो माझ्याकडे, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्यालाच वेड लागलंय. लिहा तुम्ही. फक्त सल्ले कमी द्या." बाईंना माझा स्वभाव कळलेला आहे. म्हणून सल्ला एकच, आणि तो आत्ताच देऊन मोकळा होतो: अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं पुरळ उठलं आणि आग व्हायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. साडूकडे जाऊ नका.

फुकटचं निदान

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. पंचवटीत खाली दुकान, वर घर. दोन हजार साल नुकतंच लागलं होतं, लग्नसराई ऐन भरात होती आणि मी दिवसभर उजव्या खांद्यावर कॅमेरा घेऊन लोकांच्या पंक्तींतून उलटा चालत होतो. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना उजव्या काखेखाली आग व्हायला लागली. वाटलं, बॅटरीचा पट्टा घासला असेल. दुसऱ्या दिवशी तिथं लाल पुरळ.

आमच्या घरात काही दुखलंखुपलं तर डॉक्टरकडे जायची पद्धत नव्हती. रमाकांतरावांना विचारायचं. रमाकांतराव म्हणजे माझे साडू, माझी बायको सुनंदा हिच्या थोरल्या बहिणीचे, मंगलताईंचे यजमान. कॉलेज रोडला त्यांचं औषधांचं दुकान. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून वाचून त्यांची अशी खात्री झाली होती की आपणही डॉक्टरच आहोत, फक्त तसं कळवायचं कुणाच्या तरी राहून गेलंय. सासरचं अख्खं गोत त्यांच्या काउंटरवर जाऊन, साबण-पावडर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांच्या देखत जीभ काढून दाखवायचं. मीही गेलो आणि शर्ट वर केला.

त्यांनी काउंटरच्या पलीकडूनच, चष्म्यावरून पाहिलं. "घामोळं आहे, दिलीपराव. उन्हातान्हात हिंडता. ही पावडर मारा आणि सब्जा भिजवून प्या."

"पण आग फार होतेय हो."

"उष्णता बाहेर पडतेय. पडू द्या. आत ठेवून काय करायचीय?"

काउंटरवरची दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. मी असा आहे, माझ्यावरच्या विनोदाला पहिली टाळी माझी.

मी पावडर मारत राहिलो. पुरळाचे पाण्याचे फोड झाले आणि पाठीच्या कण्यापासून छातीपर्यंत त्यांची रांग लागली. शेजारच्या काकूंनी बघितलं आणि ओरडल्या, "अगं बाई, सुनंदा, ही तर नागीण!" मग गल्लीत बातमी पसरली. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला, असा आमच्याकडे समज. कुणी काव उगाळून लावली, कुणी मंत्र म्हटला. गल्लीतले एक आजोबा रोज सुतळी घेऊन यायचे आणि नागीण किती पुढे सरकली ते मोजून जायचे. भीती मलाही वाटत होती. पण खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या पोटाच्या घेराचा आधार वाटला. नागिणीला बराच लांबचा पल्ला होता.

शेवटी डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, "पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात, तर गोळ्यांचा जास्त उपयोग झाला असता. नंतरचा त्रासही कदाचित टळला असता." ते दोन-तीन दिवस मी घामोळ्याच्या पावडरीत घालवले होते. हे वाक्य मी आत नीट घडी घालून ठेवलं.

द्राक्षं धुवायची टोपली

फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी बरी झाली. दुखणं गेलं नाही.

कसलं दुखणं, हे सांगणं अवघड आहे. जोरात दाबलं तर एक वेळ चालायचं, पण शर्टाचं कापड नुसतं घासलं तर कुणी तापलेली सळई फिरवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा लागायचा नाही, बोचायचा. अंगावर पांघरूण नको, कडेवर पोर नको, गर्दी तर नकोच. आणि माझा धंदा नेमका गर्दीचा.

मग मी एक शोध लावला. द्राक्षं धुवायची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली असते, ती अर्धी कापली आणि परकराच्या नाड्यांनी बरगडीवर पालथी बांधली. वरून शर्ट. कापड टोपलीला लागायचं, मला नाही. फक्त बाजूनं बघणाऱ्याला वाटायचं की ह्या माणसाला एकाच बाजूला स्तन आलाय. टपरीवर एकानं विचारलंही. मी म्हटलं, "दुसऱ्याची ऑर्डर दिलीय."

एक्स-रे झाला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. ते कागद हातात आले आणि रमाकांतरावांना हत्यारच मिळालं. "रिपोर्ट नॉर्मल, कातडी नॉर्मल. म्हणजे दुखणं कुठं आहे?" असं म्हणून ते स्वतःच्या कपाळावर टकटक करायचे. कुणाच्याही बारशाला, मुंजीला, जिथं भेटतील तिथं टकटक.

ते काहीही बोलले असते तरी मी सहन केलं असतं. सुरुवातीला सुनंदा भर उन्हाळ्यात माझ्यासाठी पंखा बंद करून स्वतः घामाघूम बसायची. माझे शर्ट चार वेळा धुऊन मऊ करून द्यायची. पण वर्ष सरत आलं तसं तिचंही बोलणं बदललं. एक दिवस भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी म्हणतात, तुम्ही जितकं लक्ष द्याल तितकं दुखतं. जरा सोडून बघा ना."

ते मला शर्टापेक्षा, वाऱ्यापेक्षा जास्त लागलं. अख्ख्या जगानं मला सोंगाड्या म्हटलं तरी चालेल, पण हिनं एकदा म्हणावं की खरं दुखतंय, एवढंच मला हवं होतं.

त्याच सुमारास मी एकदा गोदावरीच्या पुलावर स्कूटर लावून पाण्याकडे बघत उभा राहिलो. बराच वेळ. मनात काय होतं ते लिहीत नाही, ज्यांना दुखतं त्यांना कळेल. मागून भाजीवाल्याचा आवाज आला, "ओ शेठ, गाडी काढा ना, टेम्पो अडकलाय!" मी गाडी काढली. कोबीनं भरलेला तो टेम्पो माझ्यासाठी त्या दिवशी देवासारखा आला असं मी मानतो. असे विचार आले तर कुणाला तरी सांगा. सल्ला एकच देणार म्हणालो होतो, हा दुसरा.

बोट

पुढच्या फेब्रुवारीत रमाकांतरावांच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न निघालं. शूटिंग अर्थातच घरच्या माणसाकडे. निघताना सुनंदा म्हणाली, "अहो, आज तरी ती टोपली नको. मुलाकडची मंडळी असतील, बरं दिसत नाही." टोपली घरी राहिली.

अक्षता पडल्या, वाजंत्रीवाले जेवायला बसले, आणि मी स्टेजपाशी व्याही मंडळींचं चित्रण करत होतो. रमाकांतराव जरीची टोपी घालून फुलले होते. माझ्याकडे बोट करून व्याह्यांना म्हणाले, "हे आमचे साडू. ह्यांना अदृश्य दुखणं आहे. कॅमेऱ्यातसुद्धा येत नाही!"

मंडळी हसली. माझी सवय, मीही हसलो.

"खोटं वाटतं? थांबा, दाखवतो," असं म्हणून त्यांनी एक बोट पुढं केलं आणि माझ्या उजव्या बरगडीवरून अलगद ओढलं.

मी किंचाळलो. कॅमेरा खांद्यावरून घसरला, पट्ट्यानं लोंबकळत राहिला. मी स्टेजच्या पायरीशी, सांडलेल्या अक्षतांत गुडघ्यांवर बसलो. वरून साडूंचा आवाज येत होता, "बघा! नुसतं बोट लावलं! नुसतं बोट!" आणि सगळे हसत होते.

कॅमेरा चालूच होता. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून मी सुडाच्या योजना आखायला लागलो. स्कूटरच्या टाकीत साखर घालावी. दुकानाच्या पाटीवर 'घामोळे तज्ज्ञ' असं लिहावं. त्यांच्या जावयाला जाऊन सांगावं की सासरे घोरतात. दुखण्याची कळ आली की मी दात आवळून एकेक योजना आठवायचो आणि कळ जराशी ओसरायची. वैद्यकशास्त्रानं याची नोंद घ्यायला हरकत नाही.

लावू का?

लग्नानंतर एका गिऱ्हाइकानंच डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. बाई मूळच्या भूल देणाऱ्या, पण आठवड्यातून दोन दुपारी फक्त जुनाट दुखण्याचे पेशंट बघायच्या. सुनंदा बरोबर आली. तिच्या चेहऱ्यावर 'हेही करून बघू' असा भाव होता.

बाईंनी कापसाची बारीक वात केली, माझ्या बरगडीपाशी आणली आणि थांबल्या. "लावू का?"

वर्षभरात डॉक्टरांनी दाबलं होतं, नातेवाइकांनी टोचलं होतं, साडूंनी बोट ओढलं होतं. लावू का, असं कुणी विचारलं नव्हतं. मला रडू फुटलं. पंचेचाळिशीचा माणूस, कापूस लागायच्या आधीच रडतोय.

"खरं दुखणं आहे हे," बाई म्हणाल्या. "नागिणीनं मज्जातंतूला इजा केलीय."

"पण दिसत तर काहीच नाही," सुनंदा म्हणाली.

बाईंनी मला विचारलं, "तुम्ही काम काय करता?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. लग्नाची कॅसेट कशी तयार करता?"

मी म्हटलं, "मूळ कॅसेटला हात लावत नाही. दोन व्हीसीआर जोडतो, तिची नक्कल काढत जातो आणि नको ते तुकडे गाळतो. मुलाकडच्यांना त्यांचे पाहुणे जास्त, मुलीकडच्यांना त्यांचे. लग्न एकच, कॅसेटी दोन."

"तुमच्या पेशीतही हेच चालतं. जनुक म्हणजे मूळ कॅसेट, ती कपाटातच राहते. तिची कच्ची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. तिच्यातले काही तुकडे गाळायचे, उरलेले जोडायचे, आणि त्या जोडलेल्या नकलेवरून पेशी आपलं सामान बनवते. एकाच नकलेची जोडणी निरनिराळ्या तऱ्हेनं होऊ शकते. मज्जातंतूवर बारीक बारीक दारं असतात, दुखण्याचा निरोप त्यांतून जातो. ती दारंसुद्धा अशीच बनतात. तंतूला इजा झाली की जोडणी बदलते, आणि नुसता स्पर्श झाला तरी सताड उघडणारी दारं तयार होतात, असं शास्त्रज्ञांना आता दिसायला लागलंय. तेही मुख्यतः उंदरांमध्ये."

"म्हणजे माझ्या बरगडीत कुणीतरी भलतंच एडिटिंग करतंय?"

बाई हसल्या. "असू शकेल. तुमच्यात नेमकं हेच झालंय असं मी म्हणणार नाही, ते बघायची तपासणी माझ्याकडे नाही. आणि दुखण्याची औषधं जिथं जाऊन काम करतात, त्या जागांच्यासुद्धा अशाच आवृत्त्या असतात म्हणे. म्हणून असेल कदाचित, एकाला लागू पडतं ते दुसऱ्याला पडत नाही. पुढंमागं ही जोडणीच सुधारणारी औषधं येतील. आज माझ्याकडे ती नाहीत, साध्या गोळ्या आहेत. पण तुम्ही सोंग करत नाही, एवढं मी आजच लिहून द्यायला तयार आहे."

हे शेवटचं वाक्य बाई सुनंदाकडे बघून बोलल्या.  परत येताना रिक्षात मी सुनंदाकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होतो. तिनं माझ्या बाजूचा पडदा वाऱ्यानं हलू नये म्हणून धरून ठेवला होता. तो विश्वास होता की सवय, कळेना.

वेड्यांची गोळी

गोळ्या दोन होत्या. एक मूळची फिटवरची, दुसरी मूळची नैराश्यावरची. तंतूंच्या दुखण्यावर दोन्ही चालतात, असं बाईंनी नीट सांगितलं होतं. पण सुनंदा सवयीनं चिठ्ठी घेऊन गेली कॉलेज रोडला. संध्याकाळपर्यंत सासरच्या प्रत्येक घरात फोन वाजला होता: "दिलीपरावांना वेड्यांची गोळी चालू झाली. मी म्हणतच होतो."

त्यानंतर पाठीत, तंतूच्या मुळाशी इंजेक्शन द्यायला दवाखान्यात ठेवलं. पहाटे थर्मामीटर, मग पातळ चहा, मग फरशी पुसणाऱ्या मावशींचा "पाय वर घ्या" हा हुकूम. दवाखान्याचा झगा अंगाला लागायचा. एक केरळी सिस्टर होती. ती काही न विचारता गेली, मोडक्या पाळण्याचा स्टँड घेऊन आली आणि चादर त्यावर अशी टाकली की मला तंबूत निजल्यासारखं वाटलं. शेजारच्या खाटेवर चांदवडचे एक आबा होते, त्यांना नागीण कपाळावर झाली होती.

"लय आग व्हती ना?" आबा म्हणाले.

"लय."

"माही सून म्हन्ती, म्हतारा नाटकं करतो. मी बरा झालो ना, तिच्या माहेरच्यास्नी दारात नाय उभं करनार!"

मी माझ्या साडूबद्दल सांगितलं. आबा उठून बसले. दोन दिवस आम्ही एकमेकांना सुडाच्या योजना सुचवत होतो. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. सिस्टरला वाटलं, इंजेक्शन फार छान लागू पडलं.

तसं पडलंही. आधी काही आठवडे, मग पुन्हा थोडं दुखलं, पुन्हा इंजेक्शन, आणि गोळ्या हळूहळू चढवत नेल्या. तोंड कोरडं पडायचं, भर दुपारी झोप यायची, एकदा बोहल्यासमोर उभ्या उभ्या डुलकी लागली. पण एक दिवस टोपलीशिवाय शर्ट घातला आणि संध्याकाळपर्यंत विसरूनच गेलो की शर्ट घातलाय.

कापाकापी

पल्लवीची कॅसेट राहिलीच होती. अधिक मास आला, जावयाला धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण गेलं आणि रमाकांतरावांचा फोन आला. "दिलीपराव, त्या दिवशी कॅसेट आणा. व्याह्यांसमोर लावू. निदान तेवढं तरी करा."

मी व्हीसीआर जोडले आणि मूळ कॅसेट सुरू केली. बघता बघता लक्षात आलं की माझ्या हातात काय आहे. लग्न एकच, जोडणी माझी! रमाकांतरावांचे रुबाबदार तुकडे मी गाळत गेलो आणि बाकीचे जोडत गेलो. रमाकांतराव मंगलाष्टकांत पेंगतायत. रमाकांतराव मठ्ठ्याच्या पातेल्यात स्वतःचं प्रतिबिंब बघून केस सारखे करतायत. रमाकांतराव आचाऱ्याला झापता झापता त्याच्याच परातीतली जिलबी तोंडात टाकतायत.

मग ती जागा आली. चित्र हललं, आडवं झालं. पडद्यावर गालिचा, अक्षता, बुटांची रांग. माझी किंकाळी. "नुसतं बोट लावलं!" आणि हसणं. कॅमेऱ्याच्या अगदी जवळचं, सगळ्यांत स्पष्ट ऐकू येणारं हसणं सुनंदाचं होतं.

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तिचंच.

 हसणं ठेवावं, असं पहिल्यांदा वाटलं. सगळ्यांसमोर ऐकू दे तिला. मला माझी किंकाळी इतके महिने ऐकावी लागली, तिनं एकदा हसू ऐकावं. बोट बटणावर होतं. शेवटी मी साडूंचं वाक्य ठेवलं, माझी किंकाळी ठेवली, आणि हसण्यावर सनई टाकली. चित्र तेच, आवाज सनईचा. का टाकली, ते मला नीट सांगता येणार नाही. पुलावर कोबीचा टेम्पो का आला, तेही नाही सांगता येत.

धोंड्याचं जेवण

जेवणं झाली, अनारशाची ताटं फिरली आणि कॅसेट लागली. मंगलाष्टकांतली पेंग आली तेव्हा जावयानं हसू दाबलं. पातेल्यापाशी व्याही मोठ्यानं हसले. जिलबीला पल्लवी म्हणाली, "बाबा, अहो काय हे!" रमाकांतराव म्हणाले, "दिलीपरावांनी गंमत केलीय," पण त्यांचे कान लाल झाले होते.

मग गालिचा आला, आणि किंकाळी. हसू एकदम थांबलं. "बघा! नुसतं बोट लावलं! नुसतं बोट!" हा आवाज त्या शांत खोलीत फार मोठा वाटला. मग सनई.

व्याहीणबाईंनी ताट खाली ठेवलं. "काय झालं होतं ह्यांना?"

"नागीण होऊन गेली होती," मी म्हणालो. "त्या जागी दुखतं."

"माझ्या आईला झाली होती," व्याहीणबाई म्हणाल्या. "आम्ही तिच्या अंगावर शालसुद्धा टाकू शकत नव्हतो." मग त्या रमाकांतरावांकडे वळल्या आणि अगदी हळू, आदरानं म्हणाल्या, "तुमचं तर औषधांचं दुकान आहे ना?"

मुलीच्या सासूनं, जावयाच्या देखत, अधिक मासात. रमाकांतरावांनी हात कपाळाकडे नेला, आणि टकटक न करताच खाली घेतला. "चुकलंच जरा," ते ताटाकडे बघत म्हणाले. व्याहीणबाई म्हणाल्या, "मला नका सांगू, त्यांना सांगा." रमाकांतरावांना ते मला सांगावं लागलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

मग मी दोन अनारसे घेतले. वाईट वाटलं का, असं कुणी विचारतं. नाही. फार छान झाले होते अनारसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जायला निघालो. सुनंदा मऊ केलेला शर्ट घेऊन आली, पण हातातच धरून उभी राहिली.

"अहो, तिथं सनई कशी वाजली?"

"कुठं?"

"तुम्ही पडलात तिथं. वाजंत्रीवाले तर तेव्हा जेवत होते. मीच त्यांना पानावर बसवून आले होते."

मी शर्टासाठी हात पुढं केला.

"मी हसले होते," ती म्हणाली. "तेव्हापासून रोज वाटत होतं, कॅसेटमध्ये ते असणार. काल कॅसेट तिथं आली आणि मी डोळे मिटले. तर सनई." तिनं शर्ट उलगडला. "मूळ कॅसेटमध्ये आहे ना ते अजून?"

"आहे."

"पुसू नका. असू दे." मग ती जवळ आली, शर्ट माझ्या खांद्यांवर घातला आणि बटणं लावत खाली येताना उजव्या बरगडीपाशी हात थांबवला. "खरंच दुखत होतं तुम्हाला. लावू का हात? दुखेल?"

खरं तर त्या सकाळी अजिबात दुखत नव्हतं. पण थोडा सूड शिल्लक होता. मी डोळे मिटून कण्हलो आणि म्हणालो, "दुखेल. जरा जपून."

एवढ्या सगळ्या आजारपणात मी सोंग केलं ते तेवढं एकदाच.